किती देते?

१६ ऑगस्ट २०२५, सातारा

फास्टॅगचा वार्षिक पास कालपासून सुरू झाला. ३००० रुपयांत राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांच्या २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे दोन्ही नाके आमच्या महिन्याच्या खर्चात कायमचे येऊन बसलेत, तेव्हा पास परवडणारच. पण तो गाडीच्या नंबराला बांधलेला असतो, गाडी बदलली की दुसरा घ्यायचा. म्हणून पैसे भरायच्या आधी बरेच दिवस लांबवलेला प्रश्न आज सोडवायला घेतला. स्विफ्ट अजून किती ठेवायची?

गाडी २००८ ची. स्विफ्ट २००५ मध्ये आपल्याकडे आली तेव्हाचं पहिलं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, ताकद ८७ बीएचपी, वजन टनाच्या आसपास. पंधरा वर्षं भरली तेव्हा ५००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. इंजिनाची अजून कुरकुर नाही. पण पायाखालचा पत्रा गंजतोय, एअरबॅग एकही नाही, एबीएस नाही, आणि लेक आता त्याच गाडीतून रात्री खंबाटकी उतरते. दिवाळीपर्यंत बदलायचीच.

मला गाडी चालवायला आवडते. हे इथे ठळक लिहून ठेवते, कारण पुढचे दोन महिने घरातलं, पतसंस्थेतलं आणि पाहुण्यांतलं प्रत्येक माणूस मला उंच गाडी घे म्हणून सांगणार आहे. मला उंच गाडी नको. यवतेश्वराच्या घाटात दुसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंगमधून हाताला रस्ता कळला पाहिजे. सहा गिअर असतील तर उत्तम, क्लच माझ्या पायाखाली हवा. आणि हे सगळं आठ लाखांच्या आत, कर्ज न काढता. कर्जविभागात इतकी वर्षं काढल्यावर गाडीसाठी सात वर्षांचा हप्ता लावून घ्यायची माझी तयारी नाही.

३१ ऑगस्ट

आज गौरी आल्या. घर माणसांनी भरलं होतं आणि गाडीचा विषय निघाल्यावर पहिला प्रश्न धाकट्या दिरांचा, "वहिनी, किती देते?" आपल्याकडे गाडीची ओळख या प्रश्नाने होते. मीही आयुष्यभर तोच विचारत आले. आज रात्री आवराआवर झाल्यावर कागद घेऊन बसले.

वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, पेट्रोल १०५ रुपये. लिटरला १८ देणारी गाडी वर्षाला साधारण ५५६ लिटर पिते, म्हणजे ५८,३०० रुपये. १२ देणारी ८३३ लिटर, ८७,५०० रुपये. फरक वर्षाला २९,२००, महिन्याला अडीच हजारांच्या आत. रक्कम लहान नाही. पण दोन गाड्यांच्या किमतीत तीन-चार लाखांचा फरक असताना आपण सगळी चर्चा या अडीच हजारांवर करतो.

त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के कमी पडते. कंपनीचा छापील आकडा वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. टर्बो गाडीत फरक आणखी मोठा, कारण तिचं पिणं उजव्या पायावर अवलंबून. एकाच गाडीला महामार्गावर १७ आणि घाटात ९ अशी दोन्ही उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही खरी असतात.

सासूबाई म्हणाल्या, "घे गं तुझ्या मनासारखी. हौसेला मोल नसतं." मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. तरी माझ्या मते हौसेला मोल असतं आणि ते आधी लिहून काढावं. लिहून काढलं की हौस धाकात राहत नाही.

४ सप्टेंबर

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय झाला. पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत असेल तर २२ तारखेपासून १८ टक्के. आधी २८ आणि वर एक टक्का उपकर होता. त्यापुढच्या गाड्यांना सरळ ४० टक्के. हिशेब केला तर छोट्या गाडीच्या किमतीत साडेआठ टक्के उतार येतो.

ही चार मीटरची रेघ नवी नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांचं नाक-शेपूट या रेघेवर कापलं जातं. हौशी चालकांना तिचा फायदाही झाला. १२०० सीसीच्या आत राहून ताकद काढायची तर टर्बो लावावा लागतो, आणि टर्बो खालच्या फेऱ्यांतच जोर देतो. घाटात जोर तिथेच लागतो. १.६ लिटरची पॅलिओ जीटीएक्स ज्यांनी चालवली त्यांना ते मोठं, श्वास मोकळा असलेलं इंजिन अजून आठवतं. तसं इंजिन छोट्या गाडीत आता कोणी बसवत नाही. करांच्या तक्त्यात त्याला जागाच उरली नाही.

१४ सप्टेंबर

पितृपंधरवडा, त्यात आठवड्याने भाव उतरणार. शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी गाडी निवांत चालवायला मिळते म्हणून मुद्दाम गेले. एरवी चौकापर्यंत नेऊन परत आणतात. मी सांगितलं, यवतेश्वराला न्यायची असेल तरच बसते. पोरगा बिचारा तयार झाला. कासला फुलं बघायला जाणाऱ्यांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत आम्ही वर होतो.

ह्युंदाईची आय-२० एन लाइन. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, १२० पीएस, १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, २०२३ पासून खरा सहा गिअरचा मॅन्युअल. चारही चाकांना डिस्क ब्रेक, सस्पेन्शन नेहमीच्या आय-२० पेक्षा कडक. चढ लागला आणि पंधराशे फेऱ्यांच्या वर गाडीने अशी ओढ घेतली की मी पाय सैल केला. वळणात झुकत नाही. एक्झॉस्टचा आवाज मन लावून केलेला. उतरताना ब्रेकवर पूर्ण भरवसा वाटला. रस्ता उखडलेला होता तिथे कंबरेला हादरे बसले. ही गाडी मला मनापासून आवडली.

मग नव्या पिढीची स्विफ्ट. वजन जेमतेम साडेनऊशे किलो, आणि हे हलकेपण हाताला लगेच कळतं. सहा एअरबॅग, मॅन्युअलचा छापील आकडा २४.८. दीर ऐकून खूश होतील. पण ८२ पीएस आणि ११२ न्यूटन-मीटरवर घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दम लागतो, दुसऱ्यात आणावी लागते. माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाला वरच्या फेऱ्यांची जी खुशी होती ती हिच्यात नाही. शहाणी गाडी आहे. माझी धाकटी बहीण विचारेल तर मी हीच घे म्हणेन.

एक गोष्ट मात्र दोन्हींत पटली. गाडीची मजा वेगात कमी आणि वळणात जास्त आहे. दोन्ही गाड्यांत मी साठच्या वर गेले नाही आणि कुठेही कंटाळले नाही. दोनशे-अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीला रंगात यायला जो वेग लागतो तो आपल्या रस्त्यांवर कायद्याने चालत नाही आणि मनालाही मानवत नाही. समोरून एसटी खाली येते, चढणाऱ्याला आधी वाट द्यायचा नियम ठाऊक नसलेले मोटारवाले येतात, म्हशी येतात. छोटी गाडी हौशी माणसाला परवडते ती एवढ्यासाठीही.

२० सप्टेंबर

विम्याचा दिवस. थर्ड पार्टी विम्याचा दर सीसीवर ठरतो, ताकदीवर नाही. हजार सीसीपर्यंत वर्षाला २०९४, त्यापुढे दीड हजारपर्यंत ३४१६, त्याहून मोठीला ७८९७. म्हणजे १२० पीएसची एन लाइन सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि ८२ पीएसची ११९७ सीसीची स्विफ्ट तिच्या वरच्या. नव्या गाडीला हा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट आमच्या सभासदांनाही नेहमी सांगते. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पाच वर्षं दावा केला नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतं. जुन्या गाडीच्या व्यवहारात मात्र आधीच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही. विमा आपल्या नावावर करताना तो फरक भरावा लागतो, तिथे आपलं पत्र दाखवायचं.

२८ सप्टेंबर, पुणे

भाव उतरले, घटस्थापनेला शोरूमपुढे रांगा होत्या म्हणतात. मी आज लेकीकडे, आणि तिच्या मैत्रिणीच्या वडिलांकडे एक गाडी बघितली. ती विकाऊ नाही, फक्त बघायला. फियाटची अबार्थ पुंटो, रांजणगावला बनलेली, २०१५ मध्ये आली तेव्हा किंमत दहा लाखांच्या किंचित आत. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर. आपल्याकडे या पैशांत इतकी ताकद त्याआधी कोणी दिली नव्हती. स्टिअरिंग जड, हायड्रॉलिक, आणि हाताला जे सांगतं ते आजचं कुठलंच इलेक्ट्रिक स्टिअरिंग सांगत नाही. काकांनी दहा मिनिटं चालवायला दिली. मी त्यांची कायमची ऋणी आहे.

पण फियाटने इथला गाड्यांचा धंदा गुंडाळला, आणि काका सुटे भाग जमवून घरात कपाटात ठेवतात. दिव्याची काच फुटली तर गाडी महिनाभर उभी. त्यांच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे म्हणून हे जमतं. आमच्याकडे एकच गाडी राहणार. सकाळी साडेनऊला ती सुरू व्हायलाच हवी.

चाकणला बनलेल्या पोलोचंही असंच मनातून काढून टाकलं. २०२० नंतरची एक लिटर टीएसआय, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सहा गिअर. २०२२ मध्ये ती बंद झाली तेव्हा पुण्यातल्या कित्येकांना हळहळ वाटली होती, मलाही. दरवाजा लावल्यावर येणारा तो भरीव आवाज अजून दुसऱ्या छोट्या गाडीला नाही. पण एअरबॅग दोनच, आणि मी गाडी बदलतेय ती लेकीसाठी.

५ ऑक्टोबर

आजचा कागद सगळ्यात महत्त्वाचा.

नवी एन लाइन एक्स-शोरूम सव्वानऊ लाख धरली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे एक लाखाच्या वर. विमा, नोंदणी धरून दारात येईपर्यंत १०.६५ लाख. विमा कंपन्यांच्या तक्त्यानुसार तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची किंमत ४० टक्के घटलेली धरतात, म्हणजे उरले साडेपाच लाख. भरलेला टॅक्स परत येत नाही. तीन वर्षांत पाच लाख दहा हजारांची घट. तीस हजार किलोमीटरवर वाटली तर किलोमीटरला १७ रुपये.

पेट्रोल? १४ च्या सरासरीने किलोमीटरला साडेसात रुपये. टायरचा सेट २६ हजारांचा आणि ४० हजार किलोमीटर टिकला तर ६५ पैसे. बाजारात गाडीला तक्त्यापेक्षा लाखभर जास्त आले तरी घट पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट राहते. आम्ही सगळे साडेसात रुपयांवर वाद घालतो आणि सतरा रुपयांचं नावही काढत नाही, कारण ते पंपावर मोजून द्यावे लागत नाहीत.

शिवाय आठ लाखांच्या वरचे पैसे मला ठेव मोडून आणावे लागतील. २.६५ लाखांचं सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज साडेअठरा हजार होतं. म्हणजे १२ आणि १८ देणाऱ्या गाड्यांतला पेट्रोलचा फरक जितका, त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश.

तेव्हा पहिली घट दुसऱ्या कोणीतरी सोसलेली, पण सहा एअरबॅग असलेली गाडी. वर्ष-दीड वर्ष वापरलेली. नव्याचे भाव उतरल्यामुळे वापरलेल्यांचेही उतरलेत, ही वेळ पुन्हा येणार नाही.

१२ ऑक्टोबर, पुणे

टाटाची अल्ट्रोझ रेसर, २०२४ ची. ही गाडी जून २०२४ मध्ये ९.४९ लाखांपासून सुरू झाली होती. १.२ लिटर टर्बो, १२० पीएस, १७० न्यूटन-मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल, सहा एअरबॅग. अल्ट्रोझला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी पाच तारे मिळाले होते. दोन एअरबॅगवाल्या आय-२० ला २०२२ मध्ये तीन. इथे माझा कल ठरला.

साताऱ्याहून गॅरेजवाले मामा बरोबर आले होते. त्यांनी मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं, "रात्रीपासून इंजिन सुरू करू नका, थंड इंजिन ऐकायचंय." बॉनेटवर हात ठेवून खात्री केली, मग चावी. टायरवरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर गाडीबरोबरचेच निघाले, म्हणजे मीटरवरचे किलोमीटर खरे. स्कॅनर लावला. खाली झोपून सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे बुश पाहिले. सर्व्हिसची बिलं तारखेने लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, इंजिन आणि गिअरबॉक्स नेक्सॉनच्या घरातला आहे. ऑइल फिल्टर तुम्हाला मेढ्यातसुद्धा मिळेल." अबार्थच्या काकांचं कपाट आठवून मला या वाक्याची किंमत कळली.

बोपदेव घाटात नेली. खरं लिहायचं तर एन लाइनइतकी चपळ नाही. गिअर किंचित लांब पडतो, तीन सिलिंडरची थरथर थांबलेल्या गाडीत जाणवते, मागे ड्रम ब्रेक आहेत. पण दोन हजार फेऱ्यांपासून ओढ सरळ आणि भरघोस, वळणात गाडी एका रेषेत बसते, आणि खड्ड्यावरून जाताना अंग मोडत नाही. नारिंगी-काळा रंग, छतावर पांढरे पट्टे. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, हीच." मालकाने ७.९० सांगितले. नवी गाडी आता किती स्वस्त पडते तो कागद पुढे ठेवला. ७.६० ला ठरलं.

तीन वर्षांनी ५.२० आले असं धरलं तर घट किलोमीटरला आठ रुपये.

२२ ऑक्टोबर, पाडवा

गाडी दारात. पुण्याच्या मालकाने २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या दिल्या, बँकेचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म जोडला. नोंदणी राज्यातलीच असल्याने रोड टॅक्स पुन्हा नाही. बोनसचं पत्र विमा कंपनीला गेलं. फास्टॅगचा पास नव्या नंबरावर काढला. स्विफ्ट मामांच्या भाच्याने घेतली. त्याला ती उसाच्या फडापर्यंत न्यायला हवी आहे आणि पत्रा तो स्वतः वेल्ड करणार आहे. सासूबाईंनी नव्या गाडीला ओवाळलं आणि पुढच्या सीटवर बसून राजवाड्यापर्यंत चक्कर मारून आल्या.

९ नोव्हेंबर

आकडे आले. सातारा-पुणे महामार्गावर १६, गावात आणि यवतेश्वरात मिळून साडेअकरा. ई-२० धरूनही माझ्या अंदाजाच्या जवळ. दिरांना दोन्ही सांगितले, त्यांनी चालवून पाहिली आणि घाटातला आकडा पुन्हा विचारला नाही.

मामांनी दोन नियम घालून दिलेत. तेल मुदतीच्या आधी बदलायचं, मुदत ओलांडायची नाही, कारण टर्बोचा दांडा त्याच तेलावर तरंगतो. आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, अर्धा मिनिट चालू ठेवायचं. बाहेरून मोठी चाकं, मोठा एक्झॉस्ट काही लावायचं नाही हे मीच ठरवलंय. विमा दाव्यात अडचण येते, आणि घाटात मला त्याची गरजही वाटली नाही.

वर्षाच्या वहीत या गाडीसाठी वेगळं पान केलंय: पेट्रोल, सर्व्हिस, टायरसाठी महिन्याला बाजूला काढायचे साडेपाचशे, विमा, आणि सगळ्यात वर घट. लेकीने त्याच पानाच्या कोपऱ्यात तिच्या पक्क्या लायसन्सच्या चाचणीची तारीख लिहून ठेवली आहे.